पाहणीपुरती मावशी

त्या दिवशी सकाळी बाबा बुटांना पॉलिश करत होते आणि फोन खांद्यात अडकवून हसत होते.

“अहो, मावशी काय माझ्या एकट्याची आहे? घेऊन जा. फक्त पोटभर खाऊन-पिऊन परत पाठवा. मागच्या वेळी टाकी कोरडी ठणठणीत करून पाठवलीत!”

पलीकडे पाणीघराचे प्रमुख आहेत, हे लेकीला न सांगताच कळलं. लहानपणापासून ती त्यांना काका म्हणत आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहणी होती, आणि पाहणी म्हटलं की मावशी आलीच.

मावशी म्हणजे चाकांवरचा एक अवाढव्य जनरेटर. बाबा डोंगरातल्या बोगद्याच्या नियंत्रण कक्षाचे प्रमुख होते. सरहद्दीवरच्या फौजेची रसद या बोगद्यातून जाई. वीज गेली तरी आतला धूर बाहेर फेकणारे पंखे चालू राहावेत, यासाठी तो जनरेटर. सुरक्षेच्या आराखड्यात बोगदा, पाणीघर, वीजकेंद्र, इंधनाचा डेपो अशा प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा एक जनरेटर होता. प्रत्यक्षात आला तो एकच. बाकीचे वर्षानुवर्षं ‘येतायत’. पण पाहणीची तारीख आधीच कळायची, आणि पथक पोचायच्या आत मावशी तिथे पोचलेली असायची. ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे मावशी. म्हणून तर ते नाव पडलं. तिच्या दाराला एक मोठा पोचा आला होता. तोच पोचा जागोजागी पाहूनही पथकातल्या कुणाच्या कपाळाला कधी आठी पडली नाही. ‘जोखीम अल्प, कामगिरी उत्तम’ असा शेरा द्यायचा, चहा प्यायचा आणि निघायचं.

यात कुणी चोर नव्हतं, दरोडेखोर नव्हतं. एकमेकांना सांभाळून घेणारी, अडीनडीला धावणारी भली माणसं होती सगळी. चीड येते ती याचीच.

“मावशी द्या, शिडी द्या, स्वतःची रजा द्या,” आई डबा भरता भरता म्हणाली. “‘नाही’ म्हटलं तर तुमची जीभ झडेल जशी काही! आणि आजच तुमच्याकडची वीज गेली म्हणजे?”

“वीज काय मावशी गावाला जायची वाट बघत बसलीय?” बाबांनी बूट उजेडात धरून पाहिला. “अगं, मी नाही म्हटलं तर त्याचे गुण कापतील. गुण गेले की बदली. पोरीची परीक्षा तोंडावर आलीय त्याच्या.”

“वर लिहून का नाही कळवत, की एकच आहे म्हणून?”

“जो कळवेल त्याचंच ठिकाण जोखमीचं ठरतं. मला काय मांजराच्या गळ्यात घंटा बांधणारा उंदीर समजलीस की काय तू?”

आई हसली. लेक सुट्टीला आली होती. टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. ‘बाबा, नाही म्हणा ना,’ हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पुस्तकांत डोकं घालणाऱ्या पोरीने बापाला त्याचं काम शिकवावं, अशी त्या घरची रीत नव्हती. तिने पान उलटलं.

“येतो गं,” म्हणत बाबा गेले.

दुपारी बोगद्याच्या मधोमध टायरांनी भरलेला ट्रक पेटला. आगीत बाहेरून वीज आणणाऱ्या तारा जळाल्या आणि पंखे थांबले. काळ्याकुट्ट धुराने बोगदा घशापर्यंत भरला. बाबा ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरले आणि एका बसमधली माणसं हाताला धरून बाहेर घेऊन आले. मग मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा आत गेले. ते परत आले नाहीत. मागे राहिलेलेही आले नाहीत.

त्या वेळी पाणीघराच्या आवारात मावशीला ताजा रंग चढत होता.

चौकशी समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी काका घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, “वहिनी, मावशी बोगद्यापाशी आणून ठेवलीय. सगळ्यांचं ठरलंय. साहेबांनी ती सुरू करायचा प्रयत्न केला, धुरामुळे जमलं नाही, एवढंच सांगायचं. त्यांना शौर्यपदक मिळेल. खरं बाहेर आलं तर... दिली तर त्यांनीच होती ना.”

“मागितली कुणी होती?” लेकीने विचारलं.

काकांची मान खाली गेली. “मीच. ताई, मी माझ्यासाठी नाही म्हणत.”

ते खरंच स्वतःपुरतं म्हणत नव्हते. त्यांना मेलेल्या मित्राचं नाव सांभाळायचं होतं, जशी त्या मित्राने त्यांची नोकरी सांभाळली होती. त्या सांभाळण्यानेच माणसं गुदमरून मेली, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

ते गेल्यावर आई म्हणाली, “त्यांच्या नावाला डाग नको गं लागायला. तेवढंच उरलंय माझ्याकडे.”



बोगद्याच्या तोंडाशी भिंती, दिवे, पाट्या, कठडे, सगळ्यावर काजळीचा थर होता. त्या काळ्या उजाडपणात मावशी मात्र नव्या नवरीसारखी चकचकत उभी होती. समिती, म्हणजे एरवीच्या पाहणी पथकातलीच माणसं, तिच्यासमोरून गेली. कुणाला काही खटकलं नाही. अध्यक्षांनी आईपुढे हात जोडले. “त्यांच्या धैर्याला तोड नाही. आपल्याला काही सांगायचंय?”

आईने नकारार्थी मान हलवली. लेक पुढे झाली. तिने कठड्यावरून हात फिरवला आणि काळा झालेला तळवा अध्यक्षांना दाखवला. मग दुसरा हात मावशीच्या दारावरून, त्या पोच्यावरून फिरवला. तो स्वच्छ निघाला.

“इथलं सगळं काळं झालंय. हिला काजळीचा ठिपका नाही, कारण ही इथे नव्हती. पाणीघरावर होती, तुमच्याच पाहणीसाठी. आत्ता तिथे काय उभं आहे, फोन करून विचारा.”

“हे आपण नंतर सविस्तर बोलू,” अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले.

“नंतर बोगदा सुरू होईल आणि ही पुढच्या पाहणीला जाईल. हा पोचा तुम्ही आज पहिल्यांदा बघताय का? पदक देऊन बुजवायला मेलेली माणसं काय रस्त्यावरचे खड्डे आहेत?”

“ताई, बाबांचं नाव...” काका कळवळले.

“बाबांनीच दिली ही,” ती म्हणाली. आता तिचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचत होता. “ते शूर होते आणि ते चुकले. दोन्ही लिहा. आणि मागणारे, देणारे, बघून न बघणारे, त्यांचंही लिहा.”

आईने तिचा दंड धरला होता. तो तिने सोडला नाही, पण मागेही ओढला नाही.

लेक बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे वळली.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “नाही म्हणायला हवं होतंत तुम्ही!”

आतून तिचेच शब्द परत आले. समितीतल्या एकानेही मान वर केली नाही.