सरपणाचं माप

कंदिलाची काच तडकली तर कागद चिकटवून दोन वर्षं काढणारा तेजराम चुलीच्या सरपणासाठी विजेवर चालणारी करवत घ्यायला निघेल, असं बालाघाटात कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. पण अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात तो खरोखरच मलाजखंडला गेला. तिथल्या खाणीच्या कामावरचा एक ठेकेदार तळ हलवत होता आणि सामान विकत होता.

करवती दोन होत्या. एक हातभर पात्याची, हलकी. दुसरी अडीच हॉर्सपॉवरची. तिच्या लांबलचक पात्यावरून दातांची साखळी फिरायची आणि उचलताना कंबर बोलायची. ठेकेदाराचा मुनीम भैयालाल भला माणूस. घरच्या सरपणाला लहान पुरते, मोठी जाड ओंडक्यांसाठी, असं त्याने दोनदा समजावलं. तेजरामने मान डोलावली आणि मोठीवर हात ठेवला. घरी चूल आहे की वीटभट्टी, असं मुनिमाने विचारलं तेव्हा तो हसला, पण ते हसू त्याचं त्यालाच टोचलं.

कारण ते सरपण चुलीसाठी नव्हतंच. बापाच्या चितेसाठी होतं, आणि बाप अजून जिवंत होता.

बाप म्हणजे डोमाजी. जंगलखात्याच्या डेपोत पस्तीस वर्षं लाकडाची मापं घेतलेला माणूस. आता दम्याने अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी तेजरामला बाहेर नेऊन सांगितलं होतं, पावसाळा निघणं कठीण. मागच्या श्रावणात शेजारचा टिकाराम गेला तेव्हा तेजराम घाटावर होता. लाकडं ओली, वरून पाऊस, घासलेटचे डबे संपले तरी सगळं अर्धवटच. टिकारामचा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडं घेऊन गेला होता. आपल्या बापाचे असे हाल होऊ द्यायचे नाहीत, हे तेजरामने तिथेच ठरवलं. मात्र बापाला हे कळता कामा नये. लाकूडफोड्या लावला असता तर माणसाच्या लांबीचे तुकडे म्हणताच त्याने विचारलं असतं, कोण चाललं? मग संध्याकाळपर्यंत बातमी खाटेपाशी पोचली असती. यंत्र काही विचारत नाही.

लाकडाच्या टालीवरून, वखारीतून, ओंडके आले. हिरालालच्या पीठगिरणीतून तार ओढून करवत सुरू केली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. सगळ्यांचे डोळे यंत्रावर. लाकडाच्या लांबीकडे कुणी पाहिलंच नाही. दुपारपर्यंत ढीग मागच्या छपरीत रचून झाला. याला हात लावायचा नाही, असं तेजरामने बायकोला बजावलं. कमलाने काहून म्हणून विचारलं, तर जाड आहेत, पुढे फोडू, एवढंच तो म्हणाला.

पाऊस लागला. डोमाजी मात्र गेला नाही. श्रावण सरला, पोळा झाला, तरी म्हातारा खाटेवर बसून पेज पीत होता आणि कुणाचा बैल चांगला सजला याची चौकशी करत होता. तेजरामला बरं वाटायचं आणि लगेच स्वतःची शरम वाटायची, कारण मनातलं दिवस मोजणं थांबत नव्हतं. इकडे अंगणातलं रोजचं सरपण भिजून चिंब. कमला फुंकून फुंकून बेजार व्हायची, धूर घरात कोंडायचा आणि म्हातारा खोकून खोकून काळानिळा पडायचा. छपरीत कोरडं लाकूड पडून होतं. तेजराम हे रोज पाहत होता, पण ढीग मोडायचा धीर होत नव्हता. आज मोडला आणि उद्याच वेळ आली तर?

एका सकाळी म्हाताऱ्याचा खोकला काही थांबेना. कमला वैतागून म्हणाली, त्या लाकडांची काय पूजा करायची आहे? तेजराम तिच्यावर खेकसला. तेवढ्यात डोमाजी काठी टेकत उठला आणि भिंत धरून छपरीकडे निघाला. तेजराम मागोमाग धावला. म्हाताऱ्याने वरच्या लाकडावर वीत टाकली, तिच्यापुढे दुसरी टाकली, आणि थेट टोकापर्यंत मोजत गेला.

"चुलीचं लाकूड हातभर राह्यते," तो म्हणाला. "हे माह्या मापाचं हाय."

खोटं बोलायला तेजरामने तोंड उघडलं, पण निघालं खरंच. "बा, टिकारामकाकाचं पाह्यलं होतं. म्हून..."

"हौ. करवत वाजली त्याच दिवशी मले समजलं. चुलीसाठी कापते तं करवत घडीघडी वाजते. तुही लय लय वेळानं वाजे."

म्हणजे मे महिन्यापासून. सगळा पावसाळा हा माणूस जाणूनबुजून ओल्या लाकडाचा धूर गिळत राहिला होता.

"मंग बोलले काहून नाही, बा?"

"तू एवढ्या मेहनतीनं लपवून राह्यला होता. म्हटलं, लपवू द्या पोराले." म्हाताऱ्याला धाप लागली, तो थांबला. "पन आता धूर नाही सोसत. माह्यासाठी ठेवलं ना? मंग आताच दे."

तेजरामने करवत काढली, गिरणीतून पुन्हा तार ओढली. डोमाजी छपरीच्या तोंडाशी पाटावर बसला आणि हाताने माप दाखवत राहिला. जड यंत्र तेजरामच्या हातात थरथरत होतं. एकेका लांब लाकडाचे हातभर तुकडे पडत गेले.

कमलाने चूल पेटवली. धूर नाही, नुसता स्वच्छ जाळ. म्हातारा चुलीजवळ सरकून बसला. कितीतरी वेळ त्याला खोकला आला नाही. मग त्याने दारात पावसात उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली. भिजला आहेस, ये, हात शेकून घे, म्हणाला.

तेजराम आला, बापाशेजारी बसला. हात मात्र त्याला काही केल्या त्या जाळापुढे धरवेनात.