वरच्या मजल्यावरची पानं

मी एक जुना प्रिंटर आहे. तळमजल्यावरच्या खोलीत, खिडकीला पाठ लावून बसलेला. माझी वायर दोघा भावांतल्या थोरल्यांच्या संगणकाला जोडलेली आहे. ते घरांचे नकाशे काढतात. वरच्या मजल्यावर त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहत. तो शाळेत शिकवायचा, ती कपडे शिवायची.

मित्रांनो, मी आलो त्याच दिवशी धाकट्याने दोन्ही मजल्यांवरच्या संगणकांची घरच्या नेटवर्कवर गाठ घालून दिली. "दादा, तुझा संगणक चालू असला की मला वरूनही छापता येईल," तो म्हणाला. तेव्हापासून वर बटण दाबलं की खाली माझ्यातून कागद सरसरत यायचा आणि जिन्यावर पावलं वाजायची. कधी प्रश्नपत्रिका, कधी गळ्याबाह्यांच्या कटिंगचे नमुने. न्यायला आलेलं माणूस क्षणभर टेकायचं आणि गप्पा अशा रंगायच्या की कागद तसेच राहून जायचे.

एकदा नकाशा अर्धा छापून शाई संपली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. थोरले चिडले. "दिवसभर वरचीच पानं निघतात. मी काय इथे दुकान उघडलंय?"

धाकटा जिन्यातच थांबला. "एवढं जड होत होतं तर सांगायचंस," म्हणाला आणि हात हलवत वर गेला. थोरल्यांनी त्याच रागात वरचं छापणं बंद करून टाकलं. एका क्लिकचं काम. मग शब्दाने शब्द वाढला, बोलणं तुटलं आणि सहा महिन्यांत वरचं बिऱ्हाड हललं.

त्यानंतर थोरल्यांनी ती सोय गुपचूप पुन्हा चालू केली. संगणक दिवसभर सुरू ठेवू लागले. मीही कान टवकारून बसायचो. शेवटी त्यांनी फोन केला. "काही छापायचं असेल तर पाठव रे. मशीन चालूच असतं."

"इथून नाही पोचत, दादा," धाकटा म्हणाला. "ते घरातल्या घरातच चालतं."

थोरल्यांनी फोन ठेवला, पण संगणक चालूच ठेवला.

गेल्या रविवारी धाकट्याची बायको पेनड्राइव्ह घेऊन आली. बाहेर छापलं की नमुन्याचं माप चुकतं म्हणाली. मी जीव ओतून सोळा पानं काढली. थोरल्यांनी ती स्वतः जुळवून दिली.

"एवढीच?"

"अजून आहेत, दादा. ती घेऊन पुढच्या रविवारी हे येतील."

मित्रांनो, माझे रोलर झिजलेत, कागद मधेच अडकतो. तुमच्या घरीही सगळ्यांत मिळून एखादी वस्तू असेल, तर तिला जपा. आणि तिच्यापायी माणसाला टाकून बोलू नका. शाई काय, बाजारात मिळते.

रविवारला अजून तीन दिवस आहेत. थोरल्यांनी माझ्यात आत्ताच कोरे कागद भरून ठेवलेत.