उजवीकडचा वरचा कोपरा

नाचता येईना, अंगण वाकडं, असं आपण सहज म्हणून जातो. पण अंगण खरोखरच वाकडं निघालं, तर नाचणारणीने हुश्श करावं की नाही? रुचिराच्या घरी त्या दुपारी सगळ्यांनी हुश्श केलं. फक्त तिला ते जमलं नाही.

बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे रुचिराचं दुकान. खिडकीला जाड पडदा, टेबलावर मोठा कॉम्प्युटर आणि त्याच्या स्क्रीनवर बारा महिने लोकांची लग्नं. फोटो दुसऱ्या कुणी काढायचे. नवरीचा घाम पुसायचा, नवऱ्याची मुंडावळी सरळ करायची, मागून डोकावणारा केटरर उडवायचा आणि अल्बमची पानं लावायची, ते हिने. तिची नजर घारीची. वाडीभर माणसांच्या ग्रुप फोटोत कुणाची टिकली सरकली असेल, तर ते त्या बाईच्या आधी रुचिराला कळायचं. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा? तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

दुपारी गिल्बर्ट आला. गोराईचा गिल्बर्ट, तिची पानं छापून अल्बम बांधणारा. एरवी तो आला की आधी पंख्याखाली बसायचा आणि मग चहा मागायचा. आज अल्बम काखेत धरून दारातच उभा राहिला.

"रुचिरा, वाट लागली. पार्टी अख्खा अल्बम परत करते. ती नवरी, श्वेता, फोनवर रडली माझ्याकडे."

त्याने पान उघडलं. कोकणातल्या लग्नातला नेहमीचा ग्रुप फोटो. अशा फोटोत विधवा बायांना कुणी 'कडेला उभ्या राहा' असं सांगत नाही. सांगावंच लागत नाही, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. श्वेताची सुगंधाआत्याही मागच्या रांगेत, उजवीकडे, अगदी टोकाला उभी होती. तिला स्टेजवर आणायला श्वेताने म्हणे हट्ट धरला होता. आणि छापलेल्या फोटोत आत्याचा चेहरा चुलीच्या धुरात धरल्यासारखा काळा. एकाच नाही, प्रत्येक ग्रुप फोटोत.

"काय म्हणाली माहितीये? 'आयुष्यभर कोपऱ्यात ठेवलीत, आता फोटोतनं पण पुसताय?'"

रुचिराने घाईघाईने फाइल उघडली. स्क्रीनवर आत्या स्वच्छ हसत होती.

"हे बघ, माझ्याकडे तर नीट आहे!"

गिल्बर्ट वाकला, त्याने डोळे बारीक केले आणि तिच्या हातून माउस घेऊन कोरं पांढरं पान स्क्रीनभर पसरलं.

"अगं बाई, हा स्क्रीन बघ तुझा! वरचा उजवा कोपरा. मागचा लाईट नुसता फुटून बाहेर आलाय. तिकडे सगळं पांढरंफटक दिसणार, मग तू ते काळं करत बसणार. दुसरं काय होणार?"

चहा घेऊन आलेला सुयोग, तिचा नवरा, हसला. "हा कोपरा होय? हे तर मी दिवाळीपासनं बघतोय. बाहेर जाता-येता दिसतं. मला वाटलं, तुला माहीत असणार."

रुचिराने कोपऱ्याकडे पाहिलं. आता, बोट दाखवल्यावर, तिला दिसलं. भिंतीवर दूध सांडावं तसा उजेडाचा डाग पसरला होता.

"म्हणजे तुझी चूक नाहीच," गिल्बर्ट खुश झाला. "स्क्रीन बदल, पानं कर, मी परत छापतो. झकास!" सुयोग तर लगेच पायात चपला सरकवून निघाला, सांताक्रूझला त्याच्या मित्राकडे एक चांगला स्क्रीन पडून होता. दोघं गप्पा मारत जिना उतरले.

रुचिरा तिथेच बसून राहिली. चहावर साय धरली.

दिवाळीपासून. जाता-येता, ओझरतं बघणाऱ्या नवऱ्याला जे दिसलं, ते दिवसभर समोर बसणाऱ्या बाईला दिसू नये?

तिने पांढऱ्या पानाच्या बरोबर मध्यावर नजर रोवली. कोपऱ्यातला डाग गेला. अंधार वगैरे काही नाही, नुसतं पान एकसारखं झालं. नजर कोपऱ्याकडे वळवली की डाग हजर. मध्यावर आणली की गायब.

तिने चष्मा पुसला. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, बुडाखाली उशी घातली. स्क्रीन तिरका केला. पडदा उघडला, परत लावला. बाईने काय करायचं बाकी ठेवलं नाही! माणसं आपली वस्तू टिकू दे म्हणून नवस करतात; ही देवाला विनवत होती की बाबा रे, सगळा दोष या मेल्या यंत्राचाच असू दे, वाटलं तर आख्खं जळून जाऊ दे.

कारण तिने हे घरात पाहिलं होतं. तिचे वडील चंद्रप्रकाश, गिरणी सुटल्यावर घाटकोपरला वॉचमन होते. दाराच्या कडेवर आपटायचे आणि दारालाच शिव्या द्यायचे. ताटातली वाटी कलंडली की वाढणाऱ्याची चूक. घरातली सगळी हसायची, तेही हसायचे. डॉक्टरकडे नेलं तोवर समोर नळीएवढंच जग उरलं होतं. काचबिंदू. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेलं परत मिळत नाही, फक्त उरलेलं राखता येतं, तेही वेळेवर आलात तर, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलांनीही डोळे तपासून घ्या, असंही म्हणाले होते. रुचिरा तेव्हा मनात हसली होती. माझे डोळे? आता ती टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली.

सुयोग आला तो घामाघूम. नवा स्क्रीन जोडला, पांढरं पान लावलं आणि बाजूला झाला.

"बघ! एकसारखा. कुठे डाग नाही. आता तरी हस."

पान एकसारखं होतं. अगदी मध्यावर बघताना जुनं दिसलं होतं तसंच. 'हो, मस्त' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. उद्यापासून काम सुरू झालं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं.

"सुयोग, एक कर. मी मध्ये बघते. तू वरच्या कोपऱ्यातनं बोट आत आण. दिसलं की सांगते."

"काय पोरखेळ गं?"

"आण ना."

तो हसतच पुढे झाला. रुचिराने मध्यावर नजर लावली.

"आणलंस?"

"आणतोय."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"थांबू नकोस रे. आण."

सुयोगचं हसणं थांबलं होतं.

"मस्करी नको हं, सुयोग. आण लवकर!"

आणि एकदम, ती बघत होती तिथेच, तिच्या नजरेला लागून, बोट उगवलं.

"चप्पल घाल," सुयोग म्हणाला. "डोळ्यांचा डॉक्टर अजून बसलेला असेल."