आठ, सहा आणि डनबारचे तीन

आमच्या विद्यापीठाच्या तळघरात कॉम्प्युटरचं, कागदावर छापणारं टर्मिनल एकच होतं, आणि त्याचा विटाळ करणारा माणूसही एकच, प्राध्यापक डनबार. अंड्याचं सँडविच तो कळांवर वाकूनच खायचा. एका उन्हाळ्यात कळांखाली साचलेल्या बलकातून चक्क पिल्लू निघालं. मी, त्या तळघराचा राखणदार, स्वतः त्याला मका घातलाय, खोटं असेल तर माझं नाव आर्ने नाही.

पण पिल्लू परवडलं. टॅबची कळ दाबली की छापणारं डोकं पुढच्या थांब्यावर उडी मारतं, आणि थांबे किती-किती घरांवर (एका अक्षराचं एक घर), हे टर्मिनल लक्षात ठेवतं. हवं त्याने आज्ञा टाइप करून ते बदलावेत. मात्र उठताना नुसतं ‘टॅब्ज’ टाइप करावं, म्हणजे ते आठ-आठ घरांवर परत येतात. संडासात पाणी ओतण्याइतकी साधी रीत. डनबार मात्र थांबे तीनवर आणायचा आणि तसाच चालता व्हायचा. शी!

त्या शुक्रवारी मारिट हाल्वरसन सरोवरातल्या माशांवरचा प्रबंध छापत होती. पाच वाजेपर्यंत तो दाखल झाला नाही, तर पदवी हिवाळ्यावर जाणार आणि ओरेगनच्या मत्स्यकेंद्रातली जागा दुसऱ्याला मिळणार. शेवटचे चार तक्ते तेवढे राहिले होते. तिने थांबे सहावर लावले आणि जाड कागद आणायला वर गेली. तेवढ्यात डनबार येऊन बसला, तीन केले, ढेकर दिली, गेला. मी डुलकी काढत होतो, हे कबूल.

मारिटने परत येऊन न बघता चारही तक्ते छापले आणि किंचाळली.

“आर्ने, लांबी वयाच्या रकान्यात गेली! हा पर्च मासा चारशे बारा वर्षांचा झाला!”

“त्या घाणेरड्याने तीन केले असणार. सरक, मी बघतो.”

आणि हाताच्या सवयीने, तिचे सहा विसरून, मी नुसतंच ‘टॅब्ज’ ठोकलं. तक्ते छान मोकळे-मोकळे आले. घाईत ती चुकलेली आणि नवी, दोन्ही चळती घेऊन पळाली, मी मागून.

वर प्रबंध घेणाऱ्या हॉगनबाई वाचत नाहीत, पट्टी लावतात. त्यांनी लावली.

“उजवीकडे इंचभर कोरं लागतं. तुझे आकडे पार कडेला टेकलेत. चालणार नाही.” मग दुसऱ्या चळतीवर पट्टी ठेवली. “हे बसतात की! हेच लाव.”

“अहो, यातला मासा चारशे वर्षांचा आहे!”

“असू दे. समासात बसतो ना?”

पाचला बारा मिनिटं होती. मी मारिटच्या कानाशी लागलो, “लावून टाक गं. कोण मेलं वाचतंय?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्याच हनुवटीला अंड्याचा बलक लागलाय. मग जिना उतरली.

खाली डनबार पुन्हा बसलेला.

“दोनच मिनिटं हं, बाळ,” तो तोंडातल्या घासासकट म्हणाला.

मारिटने चाकाची खुर्ची त्याच्यासकट ढकलली. खुर्ची दारातून बाहेर, बोळातून थेट बॉयलरच्या खोलीपर्यंत गेली. वाटेत खुर्चीने दोन वळणं घेतली, हे मी पाहिलंय. मी कळांकडे हात नेला.

“हात लावू नका!” ती म्हणाली.

‘टॅब्ज’च्या पुढे सहाचा आकडा तिने स्वतः टाइप केला. कागद चारच उरले होते. पहिली ओळ आली, तेव्हा ती बोट ठेवून प्रत्येक रकाना वाचेपर्यंत पुढे गेली नाही. मी घड्याळाकडे बघत होतो, ती माशांकडे.

पाचला एक मिनिट असताना हॉगनबाईंनी पट्टी लावली आणि शिक्का हाणला.

“वाचणार नाही?” मारिटने विचारलं.

“मी मासे खातसुद्धा नाही, पोरी.”

मारिटने पावती घेतली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याकडे पाठ फिरवून निघून गेली.