वाढवलेल्या बांगड्या

माघातलं कोवळं, केशरी ऊन. हुरड्याला आलेली ज्वारी, दहिवराने ओथंबलेली, शांत. आणि तिच्या कुशीत, पहाटेच्या एका हिसक्यासरशी भुईसपाट झालेलं गाव. धूळ अंगणात, धूळ आभाळात, धूळ ओठांवर. काय म्हणावं या धरणीला! आई म्हणवते आणि लेकरांवरच अशी उलटते.

ढिगाऱ्याच्या पोटात, कललेल्या तुळईखाली सुगंधा अडकली होती. उजवा पंजा दगडी चिऱ्याखाली चिरडलेला. कोपरापर्यंत सुजलेला हात, आणि त्या सुजेत रुतलेला हिरवागार चुडा. लष्करी पथकातल्या सर्जन, मेजर पद्मजा खर्डेकर, सरपटत तिच्यापाशी पोचल्या होत्या. चिरा हलवला तर तुळई कोसळणार होती. हात कापला तरच बाई वाचणार होती.

"कापा बाई," सुगंधा म्हणाली. "हात गेला तर जाऊ द्या. मला माझ्या मानसाकडं जायचंय."

डाव्या हाताला सलाईन लागलं. गुंगीचं इंजेक्शन भरलं गेलं. तुळई करकरली, माती झरझरली. पद्मजा घाईने मागच्या जवानाला म्हणाल्या, "आधी बांगड्या फोडा."

झालं! बांगड्या 'फोडा' हा शब्द आपल्याकडे एकाच घरी उच्चारतात, जिथे कुंकू पुसलं जातं. एरवी बांगडी फुटत नाही, वाढते. पण छावण्याछावण्यांतून वाढलेल्या पद्मजांना घाईत 'वाढवा' हा शब्द आठवला नाही.

सुगंधाचे डोळे विझले. तिने दातांनी सलाईनची सुई उपसून फेकली.

"गेले नव्हं ते? मग मला कशापायी काढताय? राहू द्या हितंच."

पद्मजांनी जीभ चावली. "अगं नाही गं, चुकले मी! वाढवायच्या म्हणायचं होतं. जिवंत आहे तो!" पण भ्यालेलं काळीज समजुतीच्या शब्दांवर विसंबत नाही. सुगंधाने तोंड फिरवलं. रक्त ठिबकत होतं, तुळई इंचाइंचाने खचत होती.

"नवऱ्याला आत सोडा!" पद्मजा ओरडल्या. "जबाबदारी माझी!"

दोरीपलीकडे अडवलेला भानुदास पोटावर घसटत आला. धुळीने माखलेला, भुतासारखा पांढरा. हाका मारून मारून त्याचा आवाज पार बसला होता. त्याने नुसता चुड्यावर हात ठेवला.

"मीच वाढवतो गं," तो घोगरं बोलला. "दुसऱ्या हातात दुप्पट भरू. मग भांडी घासताना कुरकुर करायची नाही."

ती हसली की रडली, कोण जाणे. कडकड करत हिरवी काच मातीत सांडली. सुगंधाने आपणहून डावा हात सुईपुढे केला.

मग करवतीचा करकर करकर आवाज, पद्मजांचे न थरथरणारे हात, आणि भानुदासचे घट्ट मिटलेले डोळे.

उन्हात आणली तेव्हा ती गुंगीत होती. पण डाव्या मुठीत त्याच्या सदऱ्याचं टोक होतं. स्ट्रेचरवर होतं, तंबूत होतं, शेवटचा टाका पडेपर्यंत होतं. ते सोडवायचं धाडस कुणी केलं नाही.