नणंद-भावजयीचा कंदील

मी एक उडता कंदील बोलतोय. दाराशी टांगून ठेवतात त्या जातीचा मी नव्हे. माझ्या पोटात वात पेटवतात, गरम हवेनं मी फुगतो आणि हात सुटला की वर जातो. लोक म्हणतात, याचं आयुष्य ते केवढं, एका संध्याकाळचं! पण माझी गोष्ट त्या संध्याकाळच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

कंदील होण्याआधी मी सेंगलाच्या परसातल्या सा नावाच्या झाडाची साल होतो. त्या सालीचा कागद होतो. सेंगला कागद करायची आणि कुंपणापलीकडे राहणारी तिची नणंद चान्फोंग त्या कागदाचे कंदील बांधायची. कागद भावजयीचा, बांधणी नणंदेची. बान हुआय काम गावातल्या या दोन घरांचा कंदील पंचक्रोशीत नावाजलेला होता.

आणि दोन्ही घरांच्या मधे होता इन्था. चान्फोंगचा धाकटा भाऊ, सेंगलाचा नवरा. त्याची लाल गाडी होती, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. तिच्यातून तो चाळीस वर्षं माणसांची ने-आण करत होता.

मी झाडावर वाढत होतो तेव्हाच या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. झालं असं की, यी पेंग या कंदील सोडण्याच्या सणाच्या पौर्णिमेला गावच्या देवळात चाळीस कंदील सोडले. त्यातले निम्मे माडाच्या उंचीवर जाताच पेटून खाली आले. एक तर धर्मशाळेच्या छपरावरच पडला. धावाधाव झाली, आग विझली. मग चान्फोंग अंगणात उभी राहिली आणि भिक्षूंच्या देखत, सगळ्या गावासमोर म्हणाली, "यात माझा दोष नाही. भावजयीनं लगदा वाचवला. हा कागद आहे की मासे धरायचं जाळं?"

सेंगला तडक निघाली. घरी आली आणि लगद्याचं अख्खं टाकं तिनं ओढ्यात उपडं केलं. त्या दिवसापासून सहा वर्षं तिनं कागदाला हात लावला नाही. चान्फोंग बाजारातून यंत्राचा कागद आणू लागली. दोन घरांतला संवाद मात्र चालू राहिला, इन्थामार्फत.

"अहो, तुमच्या बहिणीला सांगा, त्यांची कोंबडी माझी कोथिंबीर उकरते."

"इन्था, तुझ्या बायकोला म्हणावं, कोंबडीला वाचता येत नाही. पाटी लाव आणि शिकव."

दोघी हे चार हातांवर उभ्या राहून बोलायच्या. इन्था बिचारा मधे बसून चिकट भाताचा गोळा बोटांनी वळत म्हणायचा, "दोघींनीही ऐकलंय. मी पुन्हा सांगत नाही."

यंदा पावसाळा सरत आला तेव्हा इन्थानं खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत बसून जाहीर केलं, "ह्या वर्षी गाडी विकतोय. डोळ्यांना संध्याकाळचा रस्ता नीट दिसत नाही. पण विकण्याआधी एकदा तुम्हा दोघींना शहरात, चिआंग मायला, यी पेंग दाखवणार."

सेंगला हसली. "चाळीस वर्षं जाताय की दरवर्षी."

"जातो, पण भाडं घेऊन. उतारू कंदील सोडायला मैदानात जातात आणि मी गाडीपाशी बसतो. मला मैदान दिसतच नाही. चिंचेची झाडं आड येतात. चाळीस वर्षं मी चिंचा बघून परत येतोय!"

यावर कुंपणापलीकडून आवाज आला, "मी येते. पण पुढे बसणार. मला गाडी लागते."

"मलाही लागते," सेंगला म्हणाली, कुंपणाकडे न बघता.

इन्थानं कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं केलं आणि बेत लिहायला घेतला. पुढचे दोन महिने तो बेत त्यानं इतक्यांदा खोडला की पानाला भोकं पडली. दुपारी एकला निघायचं. चारच्या आत पोचायचं, कारण नंतर देवळाकडचा रस्ता बंद करतात. पांढरे कपडे घालायचे. चिकट भात, मिरचीचा ठेचा आणि मसालेदार सॉसेज बरोबर घ्यायचं. पुढची जागा कोणालाच नाही, तिथे केळीचा घड. ताई मागे डावीकडे, सेंगला मागे उजवीकडे. आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत: भांडण नाही.

"हे शेवटचं कोणासाठी?" चान्फोंगनं विचारलं.

"केळ्यांसाठी," इन्था म्हणाला.

सगळं ठरलं, पण नेण्यासाठी कंदील कोणता, हे कोणी बोलेना. चान्फोंगच्या घरात यंत्राच्या कागदाचे दोनशे कंदील रचून ठेवले होते. त्यातला एक उचलला असता तरी चाललं असतं.

एका सकाळी सेंगला कोयता घेऊन परसात आली आणि तिनं मला झाडावरून सोललं. मला भिजवलं, राखेच्या पाण्यात उकळलं. मग कुटायला मोगरी काढली. सहा वर्षं पडून राहिलेली मोगरी! पहिल्या दिवशी तिचे हात इतके भरून आले की संध्याकाळी इन्थानं तिला भाताचे घास भरवले. चाळण्यांच्या जाळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, त्या तिनं नव्या शिवल्या. लगदा पाण्यात पसरताना मात्र तिची बोटं काही विसरली नव्हती. आठ ताव झाले. चार तिनं स्वतःच फाडून टाकले. उरलेले चार चाळण्यांसकट उचलून तिनं चान्फोंगच्या कुंपणाला टेकवले.

"त्यांना सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्याकडे ऊन येत नाही, म्हणून तिकडे ठेवलेत."

भर दुपार होती. ऊन दोन्ही अंगणांत सारखंच पडलं होतं.

चान्फोंग बाहेर आली. तिनं एक ताव अलगद सोडवला आणि सूर्यासमोर धरला. किती वेळ धरला म्हणून सांगू! मी आरपार उजळलो. कुठे गाठ नाही, कुठे विरळ नाही. तिचा अंगठा माझ्यावरून फिरत राहिला. मग ती आत गेली आणि बांबू चिरायला बसली.

असा मी झालो. चार तावांचं अंग, केसाएवढी बारीक सोललेली बांबूची कडी, तिच्यात तारेची फुली आणि फुलीवर मेणात बुडवलेल्या चिंध्यांची वात. ती वात तिनं आधी मोठी बांधली. तळहातावर घेऊन तिचा अंदाज घेतला. मग सोडली, निम्म्या चिंध्या काढून टाकल्या आणि लहानशी बांधली. असं का केलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

पौर्णिमेच्या दिवशी आम्ही एकला नाही, पावणेदोनला निघालो. कारण सेंगला पांढरा सदरा घालून आली आणि चान्फोंगनं हवेत बघून म्हटलं, "काही लोकांना पिवळट पांढरा चालतो म्हणे." मग सेंगला सदरा बदलायला गेली.

मागच्या बाकांवर दोघी समोरासमोर बसल्या. मी चान्फोंगच्या मांडीवर, घडी घातलेला. रस्ताभर एक डावीकडच्या भातशेताकडे बघत होती, दुसरी उजवीकडच्या. घाटातल्या वळणांवर चान्फोंगचा रंग उतरला. गाडी लागते हे तिनं खोटं सांगितलं नव्हतं. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. सेंगलानं पिशवी चाचपली, नाकाशी धरायची कापराची नळी काढली आणि टोपण उघडून पुढे केली. चान्फोंगनं ती घेतली. उतरेपर्यंत परत दिली नाही.

चारला पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. इन्थानं गाडी चिंचेखाली लावली. सवयीनं तो तिथेच टेकून उभा राहिला. सेंगलानं त्याच्या बाहीला धरून ओढलं. "चला. आज तुम्ही उतारू आहात."

मैदानात हजारो माणसं मांडी घालून बसली होती. भिक्षूंचं पठण चालू होतं. सूर्य गेला, चंद्र वर आला. इन्था एकदाही डोळे मिटत नव्हता. इतकी वर्षं ज्याची फक्त मागची बाजू पाहिली, ते त्याला आज पुढून दिसत होतं.

मग खूण झाली आणि सगळीकडे एकदम वाती पेटल्या.

इन्थानं माझी वात पेटवली. चान्फोंग आणि सेंगला माझी कडी दोन्ही बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. ज्यांनी आम्हाला कधी उडवलं नाही त्यांना वाटतं, पेटवला की गेला. तसं नसतं. पोटात हवा तापेपर्यंत धीर धरावा लागतो. तेवढा वेळ दोघांनीही हात सोडून चालत नाही. एकानं सोडला तर कागद कलतो आणि पेट घेतो.

दोघींच्या मधे मी उजळलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींना बघायला दुसरीकडे जागा उरली नव्हती.

"सेंगला," चान्फोंग म्हणाली. मधे इन्था नाही, काही नाही. "त्या वर्षी कागद चांगला होता."

सेंगलानं आपल्या बाजूची कडी सरळ केली.

"वाती मी मोठ्या बांधल्या होत्या. माझे कंदील सगळ्यांत उंच जावेत म्हणून. ज्वाळ कागदाला लागली. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"मलाही," सेंगला म्हणाली.

"तुला कसं?" चान्फोंगनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या अंगणातून जळक्या वाती मी वेचून आणल्या," सेंगला म्हणाली. "सगळ्या माझ्याकडे डब्यात आहेत. केवढाल्या होत्या, ताई! मुठीएवढ्या."

"मग दाखवल्या का नाहीस? मी तुला चारचौघांत बोलले. तूही चारचौघांत माझं तोंड बंद करायचं होतंस."

"आणि मग? तुमच्या हातचा कंदील कोणी विकत घेतला असता का? कागद नसला तर मला नवऱ्याची गाडी होती. तुम्हाला त्या बोटांशिवाय दुसरं काय होतं?"

आजूबाजूचे कंदील सुटू लागले होते. लोक ओरडत होते, हसत होते, वर बघत होते. चान्फोंग मात्र समोरच बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिच्याकडे रिकामा हात नव्हता.

मी फुगून टरारलो होतो. वर ओढ घेत होतो.

"अगं, सोडा आता!" इन्था ओरडला. "सगळ्यांचे गेले!"

"थांबा हो," सेंगला म्हणाली. "आमचं बोलणं संपलेलं नाही." मग नणंदेकडे वळून म्हणाली, "गावात सांगावं लागेल. जिथे बोललात तिथेच उभं राहून."

"सांगेन."

"भिक्षूंच्या देखत."

"सांगेन म्हटलं ना! डबा घेऊन ये तुझा. एकेक वात काढून मीच दाखवेन."

"आणि मी?" इन्था मधेच म्हणाला. "सहा वर्षं मी निरोप वाहिले. त्याचं काय?"

"तुम्ही केळी खा," सेंगला म्हणाली. आणि त्या दोघी हसल्या. एकदम, एका वेळी, डोळ्यांत पाणी असताना. त्या हसण्यातच त्यांचे हात सुटले.

मी वर निघालो. माडाची उंची गेली, चिंचा गेल्या, देवळाचा सोनेरी कळस खाली राहिला. माझ्या कागदाला कुठे झळ लागली नाही. आजूबाजूला माझ्यासारखे हजारो जण होते, पण माझ्या अंगात लहान ज्वाळ होती म्हणून मी सावकाश चढत होतो. त्यामुळे मला खालचं बराच वेळ दिसलं. तीन पांढरे ठिपके जवळजवळ उभे होते. मधला हात उंच करून दोन्हीकडच्यांना काहीतरी दाखवत होता. बहुतेक मलाच.

वात विझली तशी वाऱ्यानं मला दक्षिणेला नेलं आणि एका बागेत उतरवलं. सकाळी बागेची मालकीण पोतं घेऊन कंदील वेचायला आली. तोंडानं शहरवाल्यांचा उद्धार चालूच होता. "यांचा सण होतो आणि माझ्या म्हशीच्या पोटात तारा जातात!" तिनं माझी तार काढली. मग मला पोत्यात कोंबणार, तोच थांबली. दोन बोटांत चोळून पाहिलं. "अरे! हा तर हातचा कागद. हल्ली कोण करतं बाई असला?"

तिनं मला घरी नेलं, कात्रीनं कापलं आणि माझ्या पिशव्या शिवल्या. आज मी एक नाही, सात आहे. तिच्या पेरूच्या झाडावर सात फळांभोवती मी गुंडाळलेला आहे. माशी आत शिरू देत नाही, वारा मात्र जाऊ देतो. कागद चांगला आहे ना!

पुढे देवळात काय झालं, चान्फोंग उभी राहिली का, डबा उघडला का, हे मला इथून कळायचं नाही. पण त्या दोन म्हाताऱ्यांची आठवण आली की मला वाटतं, एवढ्या मोठ्या मनाची माणसं मी पुन्हा पाहणार नाही. एकीनं सहा वर्षं बोल सोसला आणि दुसरीच्या पोटावर पाय येऊ दिला नाही. दुसरीनं बहात्तराव्या वर्षी, स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं चुकलं म्हटलं.

तुमच्या शेतात कधी माझा एखादा भाऊबंद येऊन पडला, तर एवढं करा. आधी त्याची तार काढा, गुरं चरायला येण्याआधी. मग कागद हाताला लावून पाहा.

आता निरोप घेतो. माझ्या पोटातला पेरू पिकत आलाय, मला वास येतोय. उद्या सकाळी बागेची मालकीण फळ उतरवायला मला सोडेल.