डबीची टाकी

डिकी उघडली की आधी आत वाकून एक लांब श्वास घ्यायचा, ही मिस्त्रीची वीस-बावीस वर्षांची सवय. आजही त्यानं तो घेतला. थंड, कोरा श्वास. जणू रिकाम्या पिंपात डोकं घातलंय.

दोन महिन्यांपूर्वी त्याला ताप आला होता. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. नाक जागच्या जागी होतं, शिंका येत होत्या, पण साबण काय, करपलेलं दूध काय आणि जळकी क्लच प्लेट काय, त्याला सगळं सारखंच. रोज सकाळी शटर उघडलं की तो कुणी नाही बघून पेट्रोलचा कॅन उघडायचा आणि तोंडाशी नाक न्यायचा. घशाला थोडी थंड चरचर लागायची, एवढंच. मग झाकण घट्ट लावून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कामाला लागायचा.

कुणाला सांगणार? अख्ख्या रस्त्यावर त्याची ओळखच मुळी नाकाची. गाडी फाटकातून आत येईपर्यंत हा सांगायचा, हिच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय. हल्ली तो गिऱ्हाइकालाच विचारायचा, "तुम्हाला कसला वास येतो, ते सांगा बरं." मिस्त्री आपलं ऐकून घेतो म्हणून गिऱ्हाइकं उलट खूश!

पण आज टाकीचं काम होतं.

गाडी निवृत्त नर्सबाईंची. दोन दारांची, एवढीशी, पन्नाशी कधीच ओलांडलेली. बाई लाडानं तिला डबी म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणायचे. टाकी डिकीत डाव्या अंगाला, पत्र्याच्या पट्ट्यानं आवळलेली, आणि हातभर अंतरावर खालच्या खळग्यात बॅटरी. ही गाडी बनवणाऱ्यानं पेट्रोल आणि ठिणगी शेजारी-शेजारी नांदवली होती. टाकीच्या कडेला गंजून बारीक भोक पडलं होतं. ती बाहेर काढायची, धुवायची, आणि मधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे दाजींकडे डाग देऊन भोक बुजवायला पाठवायची.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेड एकच, अलीकडे मिस्त्रीचं गॅरेज, पलीकडे दाजींचं वेल्डिंग, मागे दाजींचं घर. दाजींचं नाक लहानपणापासून चोंदलेलं. "माझं नाक चष्मा टेकवायला आहे," ते म्हणायचे, "वास घ्यायला मेहुणे ठेवलेत." त्यामुळे दोघांत एक रीत पडून गेली होती. टाकी धुतली की मिस्त्रीनं तिच्या तोंडाला नाक लावायचं आणि एकच शब्द बोलायचा, "लावा." मग दाजी ज्योत पेटवायचे. आजवर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या दोन टाक्या मिस्त्रीनं काहीबाही सांगून परत पाठवल्या होत्या. तिसऱ्यांदा सबब सांगितली असती, तर दाजींनी मान तिरकी करून विचारलं असतंच, "काय रे, काय भानगड आहे?"

म्हणून त्यानं आज सगळं हातानं आणि डोळ्यानं करायचं ठरवलं होतं. पहिल्यांदा बॅटरीची वायर सोडून बाजूला बांधली. गाडीखाली शिरून टाकीचा खालचा बोल्ट सैल केला, पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, थेंब थांबेपर्यंत कान लावून बसला. पेट्रोल दाखवणाऱ्या मीटरची वायर काढली. पट्ट्याचा बोल्ट गंजून असा बसला होता की नाकी नऊ आले. पान्याचं टोक बॅटरीच्या टर्मिनलला लागू नये म्हणून त्यानं वर रबराची जुनी चटई टाकली, आणि दर पाव आट्याला थांबून हात कुठे आहे ते पाहिलं.

नळी उपसताना टाकीत दडून राहिलेलं पेलाभर पेट्रोल भसकन खळग्यात सांडलं. मनगटाला गार लागलं, त्यावरून त्याला ते कळलं. दोन फडक्यांनी पुसून घेतलं, बोटं फिरवून कोरडं झाल्याची खात्री केली, आणि फडकी कोपऱ्यातल्या डब्यात भिरकावली. मग टाकी अलगद आत कलवली, तोंडाची मान रबरी कड्यातून सोडवली आणि बाळ उचलावं तशी छातीशी धरून बाहेर काढली. पाठीवरून घामाची धार गेली. अर्धं काम फत्ते.

अंगणात नेऊन गरम पाणी आणि साबणाचा चुरा घालून त्यानं ती दोनदा घुसळली. तिसऱ्यांदा पाणी भरून ठेवलं आणि घोटभर चहासाठी आत आला, तेवढ्यात ताई दारात उभी राहिली.

ताईचा नेम होता. बाराच्या ठोक्याला गॅरेजच्या कोपऱ्यातल्या फळीवर दिवा लावायचा, आणि तोवर पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. हा नेम कधी चुकला नव्हता. फक्त पेट्रोलचं काम असेल त्या दिवशी मिस्त्री आतूनच ओरडायचा, "ताई, आज दिवा पायरीवर!" मग ती बाहेर पायरीवर लावायची. देवाला दोन्ही सारखंच, असं म्हणायची.

आज ती उंबऱ्यात थांबली. एका हातात समई, दुसऱ्यात काडेपेटी.

"येऊ ना रे आत?"

"ये की. विचारतेस काय?"

ती आणखी क्षणभर थांबली. "नक्की?"

"अगं ये, तुझं घर, तुझी फळी."

ताई आत आली. समई फळीवर ठेवली. काडेपेटी उघडली, एक काडी काढली. ती काडी बोटांत तशीच धरून तिनं फळीखालच्या डब्याकडे पाहिलं. मग काडी पुन्हा पेटीत ठेवली, पेटी कमरेला खोचली, आणि डब्यातलं एक फडकं चिमटीत धरून त्याच्यासमोर आणलं.

"हे कसलं आहे?"

मिस्त्रीनं फडक्याकडे पाहिलं. काळपट, ओलसर. गॅरेजमधलं कुठलंही फडकं असतं तसं.

"ऑइलचं असेल."

"मला दारातून वास आला," ताई हळूच म्हणाली. "वाटलं, आता ओरडशील. म्हणून थांबले. दोनदा विचारलं."

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. फडकी कुठे फेकली, ते त्याला आत्ता नीट दिसलं. दिव्याच्या बरोबर खाली.

"कधीपासून?"

"तापापासून. हळू बोल ना, दाजी ऐकतील."

"परवा नासलेल्या दुधाचा चहा घटाघटा प्यायलास, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती." तिचा आवाज वर गेला नाही, कधी जायचाच नाही. "आणि टाकीचं काय करणार होतास?"

त्यानं अंगणातल्या टाकीकडे पाहिलं.

"मी विचारते, त्यांच्या हातात काय देणार होतास?"

"तीनदा धुतोय, ताई. घशाला चरचर लागते अजून. ती लागली नाही, म्हणजे..."

"म्हणजे काय?"

पलीकडून दाजींची हाक आली. "काय मेहुणे, झाली का अंघोळ तुमच्या लेकीची? का उटणं लावताय?"

ताईनं भावाकडे पाहिलं. "मी सांगून टाकलं, तर तू त्यांच्या डोळ्याला डोळा कधी भिडवणार नाहीस. तू सांग. पण मी इथून हलत नाही." आणि ती समई घेऊन, अंगण आणि वेल्डिंगच्या दाराच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली.

मिस्त्रीनं टाकी उपडी केली. पाणी घळघळ करत निघालं. त्यावर तेलकट रंगाची साय दिसते का, ते त्यानं वाकून पाहिलं. दिसली नाही. टाकी निथळली, उन्हात तापली, मग त्यानं ती उचलली. ताईच्या अंगावरून जावं लागलं. तिनं वर पाहिलं नाही.

दाजी तयारच होते. चामड्याचे हातमोजे, कपाळावर काळा चष्मा, हातात बर्नर, खिशात लायटर. "ठेवा इथे. नर्सबाईंचे दोन फोन आले. पाचला गाडी हवी म्हणे. कुठे पळून जाणारेत या वयात, कोण जाणे."

टाकी मेजावर आली. दाजींनी भोक शोधून भोवतीचा गंज घासला. बर्नरची चावी हलकेच फिरवली. सूं असा आवाज सुरू झाला. दुसरा हात लायटरवर.

"हं. घ्या बघू वास."

मिस्त्रीनं वाकून टाकीच्या तोंडाला नाक लावलं. लांब श्वास घेतला. चरचर नव्हती. खरंच नव्हती. पत्र्याची ऊब फक्त. पुन्हा घेतला. नाही. आहे का? नाही. शब्द जिभेच्या टोकावर आला. एवढासा शब्द, एकदा म्हटला की आजचा दिवस सुटला. नाव राहिलं, ओळख राहिली.

त्यानं डोकं वर केलं. दाजींचा चेहरा टाकीपासून वीतभर अंतरावर होता. भुवयांचे केस त्या धंद्यानं कधीचेच जाळलेले. डोळ्यांत शंका म्हणून नव्हती. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"दाजी, बंद करा."

"काय?"

"चावी बंद करा आधी. मला वास येत नाही."

"नाही ना येत? मग लावू की!"

"तसं नाही हो! मला कशाचाच वास येत नाही. तापापासून."

दाजींनी चावी बंद केली. सूं थांबलं. त्यांनी लायटर खिशातून काढून दूर खिडकीत नेऊन ठेवला, हातमोजे उतरवले, आणि मग मेहुण्यासमोर येऊन उभे राहिले.

"या दोन महिन्यांत मला किती टाक्या दिल्यास?" थट्टेतलं अहो-जाहो गेलं होतं.

"एकही नाही. दोन परत पाठवल्या. ही पहिली."

"आणि आज 'लावा' म्हणणार होतास."

"हो," मिस्त्री म्हणाला. "आत्ता म्हणणार होतो."

दाजींनी हाक मारली, "अगं, इकडे ये जरा." आणि ताई आधीच दारात होती. तिनं टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, मग टाकी थोडी कलती करायला सांगून पुन्हा नेलं. पदर नाकाला लावला.

"आहे. तळाच्या कडेला आहे अजून. चांगलाच आहे."

दाजी खाली स्टुलावर बसले.

"नर्सबाईंना सांग, गाडी उद्या मिळेल," शेवटी ते म्हणाले. "कारणही सांग. खरं. त्या नर्स आहेत, एखादा डॉक्टर सुचवतील. दोन महिने गाढवासारखा कॅन हुंगत बसलास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कॅन हुंगताना दिसायचास. मला वाटलं, काहीतरी व्यसन लागलं." ते हसले नाहीत. "आजपासून टाकीला नाक हिचं. आणि तू माझ्याशी आठवडाभर बोलू नकोस. आठवड्यानं बघू."

टाकी पुन्हा अंगणात गेली. गरम पाण्यानं काठोकाठ भरली. एक वाजत आला होता. ताईचे ओठ सुकले होते. पायरीवर समई ठेवून तिनं काडी काढली, आणि पेटवायच्या आधी नेहमीसारखी मान वळवून भावाकडे पाहिलं.

"लावू?"

मिस्त्रीला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण ती खरंच थांबली होती.

तो उठला. डबा उचलून फडक्यांसकट अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे ठेवून आला. कॅनचं झाकण हातानं आवळून पाहिलं. बॅटरीची वायर बांधलेली होती, तरी पुन्हा पाहिली. डबीची डिकी सताड उघडी ठेवली. वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून वारा कुठून कुठे जातोय ते पाहिलं, पायरीकडून अंगणाकडे. दाजी खिडकीतून हे सगळं बघत होते.

सगळं एकदा झाल्यावर त्यानं दुसऱ्यांदा केलं. मग ताईसमोर येऊन उभा राहिला.

"लाव," तो म्हणाला.